वनस्नान आणि अर्धं हळकुंड

हे लिहावं की लिहू नये, असं बरेच दिवस मनात चाललं होतं. शेवटी लिहिलेलं धाकट्या बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिही ताई, माझं नाव मात्र घालू नकोस." म्हणून नाव न घालता लिहिते आहे. नातेवाईक मंडळींना कळेलच, पण तेवढं चालायचंच.

तिचे यजमान गेले त्याला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. ती कुणाशी फार बोलत नव्हती, जेवण नावापुरतं. भाचीला वाटलं, आईला जरा बाहेर काढावं. तिने कुठूनतरी शोधून एक दोन दिवसांचं 'वनस्नान शिबिर' ठरवलं. ताम्हिणीच्या बाजूला, एका रिसॉर्टला लागून असलेल्या रानात. सोबतीला मी. पैसे चांगलेच घेतले होते, पण जागा सुरेख होती. पाऊस नुकताच ओसरला होता, ओढे वाहत होते, हवेत ओल्या मातीचा आणि पानांचा वास. पहिला दिवस खरोखर छान गेला. बहिणीने रात्री पोटभर भात खाल्ला. मी मनातल्या मनात भाचीला शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्गदर्शकाने (अठ्ठावीस-तिशीचा मुलगा, मऊ आवाजाचा, वागायला अतिशय चांगला) सगळ्यांना सांगितलं, आपापलं एक झाड निवडा, त्याला पाठ टेकून बसा, डोळे मिटा, आणि जे माणूस आता तुमच्याजवळ नाही त्याला सांगायचं राहून गेलेलं त्या झाडाला सांगा. आम्ही चौदाजण पांगलो. बहिणीने एक जांभूळ निवडलं. मी चार झाडं सोडून बसले.

तिचे यजमान अतिदक्षता विभागात होते आणि ती अंघोळीला म्हणून तासाभरासाठी घरी गेली होती, तेव्हा ते गेले. हे मला ठाऊक होतं. त्या मुलाला ठाऊक नव्हतं. त्याने विचारलंच नव्हतं.

पाच-सात मिनिटांनी तिचा हुंदका ऐकू आला. मग दुसरा. मग ती थांबेचना. श्वास वर वर जाऊ लागला, हाताची बोटं वाकडी झाली, मुंग्या येताहेत म्हणून ती हात झाडायला लागली. तो मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "छान, येऊ द्या, वाहू द्या." ती आणखी घाबरी झाली. तो तिथेच उभा राहिला. त्याचा चेहरा मी पाहिला. परीक्षेत न शिकवलेला प्रश्न आलेल्या मुलाचा चेहरा असतो ना, तसा. थोड्या वेळाने त्याने हातातली छोटी घंटा वाजवली, कारण पुढच्या सत्राची वेळ झाली होती!

आमच्या गटात एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी बहिणीला धरलं, डोळे उघडायला लावले, "माझ्याकडे बघा, माझ्याबरोबर हळूहळू श्वास सोडा," असं दहा-पंधरा मिनिटं चाललं, तेव्हा ती शांत झाली. मी काय केलं? मी नुसती पाण्याची बाटली घेऊन उभी होते. जाताना तो मुलगा मला म्हणाला, "आजी, हे बरं होण्याचंच लक्षण असतं." त्यानंतर तीन आठवडे बहीण रात्री झोपली नाही.

भाची संतापली. "अगं मावशी, सगळं थोतांड आहे हे. झाडाशी बोला म्हणे!" मला मात्र ते इतकं सरळ वाटेना. पहिल्या दिवशी तिने पोटभर भात खाल्ला होता, तेही मी पाहिलं होतंच की. म्हणून मग सवयीप्रमाणे वाचायला घेतलं. काही नातवाने छापून दिलं, काही भाचीनेच समजावलं. इंग्रजी माझं बेताचंच, पण शब्दकोश आणि चिकाटी दोन्ही आहेत.

पहिल्यांदा एक घोळ निस्तरते. आपण 'निसर्गोपचार' म्हणतो तो वेगळा. माती, पाणी, ऊन, आहार, उपास यांचा. उरळी कांचनला गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेला आणि पुढे मणिभाई देसाईंनी वाढवलेला आश्रम आपल्याला माहीत असतो, तो त्या परंपरेतला. त्याला आज पदवी आहे आणि ती हाती पडायला अंतर्वासितेसह साडेपाच वर्षं लागतात. मी म्हणते आहे तो 'निसर्गाच्या सान्निध्यातला उपचार'. म्हणजे बागेत, रानात, शेतावर माणसाला नेऊन मुख्यतः त्याच्या मनाला उभारी द्यायची. जपानच्या वनखात्याने १९८२ साली 'शिनरिन-योकू' हा शब्द आणला, त्याचं आपण 'वनस्नान' केलं. आपल्याकडे उत्तराखंडच्या वनखात्याने २०२१ मध्ये राणीखेतजवळ असं एक केंद्र उघडलं.

यात तथ्य आहे का? आहे, असं माझं वाचून मत झालं. रॉजर अलरिच नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये एक साधी गोष्ट दाखवली. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या त्याने २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनेची जहाल औषधंही कमी लागली. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन विद्यापीठाची 'नाकाडिया' नावाची उपचार-बाग आहे, २०११ पासून. ताणाने आजारी पडलेल्या ८४ जणांवर तिथे एक चाचणी झाली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना बागेत दहा आठवडे उपचार, काहींना नेहमीच्या पद्धतीचे बोलण्याचे मानसोपचार. दोन्ही गट सुधारले, जवळजवळ सारखेच. म्हणजे थोतांड नाही. भाचीला मी हे सांगितलं.

पण त्याच वाचनात दुसरीही एक गोष्ट डोळ्यांत भरली. नाकाडिया काय किंवा स्वीडनमधली आल्नार्पची पुनर्वसन-बाग काय, तिथे नुसता 'मार्गदर्शक' नसतो. आल्नार्पला मानसोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि बागकामाचा जाणकार अशी मंडळी मिळून काम करतात. आलेल्या माणसाला सुरुवातीला काहीही न करता नुसतं पडून राहायची मुभा असते. कुणी त्याला पहिल्याच आठवड्यात झाडापाशी बसवून 'सांग तुझं दुःख' म्हणत नाही. गुण जो दिसला, तो अशा सगळ्या व्यवस्थेसकट दिसला आहे. आपण त्यातलं झाड तेवढं उचललं आणि व्यवस्था तिथेच ठेवली.

या क्षेत्रात एक वाक्य फार लाडकं आहे. उपचार जंगलच करतं, मार्गदर्शक फक्त दार उघडून देतो, अशा अर्थाचं. ऐकायला गोड आहे आणि त्यात नम्रताही आहे. पण मला विचारायचं आहे, की दार उघडल्यावर आतून जे बाहेर येईल त्याचं काय? माझ्या बहिणीचं दार त्याने उघडलं खरं. मग तो घंटा वाजवून निघून गेला.

दार उघडणारे अर्धवट शिकलेले असले तर काय होऊ शकतं, याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे वाट चुकलेल्या किंवा खचलेल्या मुलांना आठवडेच्या आठवडे रानावनात ठेवून 'सुधारण्याचे' कार्यक्रम चालत आले आहेत. आमच्या दोन दिवसांच्या शिबिराची आणि त्याची बरोबरी करत नाही. पण शिकण्यासारखं आहे. तिथल्या सरकारी हिशेब-तपासणी कार्यालयाने २००७ साली तिथल्या संसदेपुढे एक अहवाल ठेवला. १९९० ते २००४ या काळात अशा निवासी कार्यक्रमांत दगावलेल्या दहा मुलांची प्रकरणं त्यांनी तपासली. त्यातली बरीचशी रानातल्या कार्यक्रमांची होती. कारणं काय सापडली? अप्रशिक्षित माणसं, अपुरं अन्न, बेफिकीर कारभार. आणि एक गोष्ट वाचून तर मी पुस्तक मिटावं तसं ते सगळं बाजूला ठेवलं. मुलं 'मला बरं वाटत नाही' म्हणत होती आणि सोबतची मोठी माणसं धरून चालली होती, की ती नाटक करताहेत.

हे प्रकार जुने म्हणून सोडून द्यावेत, तर २०२४ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायना राज्यात अशाच एका कार्यक्रमात बारा वर्षांचा एक मुलगा पहिल्याच रात्री गेला. राज्याने पुढे त्या संस्थेचा परवाना काढून घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुलांच्या अशा निवासी संस्थांवर नजर ठेवण्यासाठी तिथे कायदा झाला. एवढी वर्षं लागली.

'नाटक करताहेत' या शब्दांपाशी मी का अडकले, तेही सांगून टाकते. नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी, एप्रिलच्या उन्हात मैदानावर कवायत चालली होती. आठवीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, गरगरतंय." मी म्हणाले, "नाटकं पुरेत, उभा राहा नीट." दोन मिनिटांत तो पालथा पडला. हनुवटीला टाके घालावे लागले. सकाळपासून उपाशी होता तो. नशीब माझं, तेवढ्यावर निभावलं. त्याच्या आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही, तो न लावलेला बोल अजून ऐकू येतो. मी काही दुष्ट नव्हते हो. मला बी. एड.ला पाठाचं टाचण कसं काढावं, फळ्यावर अक्षर कसं असावं हे शिकवलं होतं. मूल 'गरगरतंय' म्हणालं तर आधी खरं मानायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून त्या शिबिरातल्या मुलावर मला फार रागावता येत नाही. राग आहे तो त्याला दोन शनिवार-रविवारांत प्रमाणपत्र देऊन रानात सोडणाऱ्यांवर. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणाऱ्यापेक्षा, त्याला अर्धंच हळकुंड देऊन 'झालास हो पिवळा' म्हणणारा जास्त दोषी.

आता या मार्गदर्शकांसाठी 'प्रगत प्रशिक्षण' नावाचे अभ्यासक्रमही निघाले आहेत. चार-पाचांची माहितीपत्रकं मी वाचली. त्यांत बहुतेक ठिकाणी 'प्रगत' म्हणजे आणखी खेळ, आणखी ध्यानाचे प्रकार, रानातला चहा आणि एक वरचा बिल्ला. एकात तर 'आपला व्यवसाय कसा वाढवावा' यावर सबंध सत्र होतं. सहभागी माणूस कोसळला तर काय करायचं, यावर अर्धा तास. माझं म्हणणं एवढंच आहे, की हे उलटं हवं. प्रगत प्रशिक्षणात झाड कमी आणि माणूस जास्त शिकवला पाहिजे.

म्हणजे काय शिकवायचं? माझ्या बुद्धीप्रमाणे सांगते.

आधी विचारायला शिकवा. शिबिराला येण्याआधीच एक साधं बोलणं. गेल्या वर्षात घरात कुणी गेलंय का, कुठली औषधं चालू आहेत, हृदयाचं किंवा दम्याचं काही आहे का, पूर्वी असं घाबरंघुबरं झालं होतं का, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का. शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो. तो कसा विचारायचा, हेच तर शिक्षण. माझ्या बहिणीला हे विचारलं असतं, तर तो व्यायाम तिला त्या दिवशी दिलाच गेला नसता.

मग थांबायला शिकवा. आपली हद्द कुठे संपते आणि डॉक्टरांची कुठे सुरू होते. जवळचा दवाखाना किती मिनिटांवर आहे, तिथे फोन लागतो का, मागे कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाशी बोलणं करून ठेवलं आहे. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत मदतवाहिनी २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६. तो मार्गदर्शकाला तोंडपाठ असावा. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सात ठिकाणी सरकारी आरोग्यसेवेने लोकांना बागकामाला, रानात फिरायला पाठवण्याचा प्रयोग केला. त्यात आरोग्यसेवेशी सांधा आधीच जोडलेला होता. आपल्याकडे तो सांधाच नसतो.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं, ते म्हणजे कुणाच्या तरी नजरेखाली काम. बी. एड.ला आमचे सराव पाठ असत. वर्गात मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसत. माझ्या पहिल्याच पाठाला त्यांनी लिहिलं होतं, 'प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देता. मुलांना वेळ द्या.' तेव्हा रडू आलं होतं. पण पुढची तीस-बत्तीस वर्षं मी त्या एका ओळीवर काढली. पुस्तकातून ते कधी कळलं नसतं, कारण आपण काय चुकतो ते आपल्याला दिसतच नाही. अमेरिकेतल्या बागकामोपचाराच्या संघटनेची नोंदणी हवी असेल, तर पदवी आणि अभ्यासक्रमाखेरीज नोंदणीकृत उपचारकाच्या देखरेखीखाली ४८० तास काम करावं लागतं. चारशेऐंशी! दिवसाला सहा तास धरले तरी ऐंशी दिवस. आणि देखरेख तिथेच संपू नये. दर महिन्याला एखाद्या अनुभवी माणसासमोर बसून 'या वेळी माझं इथे चुकलं' असं सांगायची सोय हवी. त्या मुलाला अशी जागा असती, तर त्याने 'बरं होण्याचंच लक्षण' म्हणून स्वतःची समजूत घातली नसती.

चौथं, आपलं रान शिकवा. जपानी नाहीतर अमेरिकी पुस्तकातलं नको. सह्याद्रीत आग्या मोहोळ आहे, फुरसं आहे, घोणस आहे, जळवा आहेत. वर घाटमाथ्यावर पाऊस झाला की खालचा ओढा बघता बघता फुगतो. प्रथमोपचार यायलाच हवा. आणि त्या रानात जन्मलेला कुणी एक माणूस सोबत हवा, योग्य मोबदला देऊन. त्याला 'निसर्गाशी नातं' असले शब्द माहीत नसतील, पण कोणत्या झाडाखाली बसू नये हे माहीत असतं.

यावर एक आक्षेप घरातूनच आला. आमचे हे म्हणाले, "इतकी प्रमाणपत्रं मागितलीस तर हे सगळं श्रीमंतांपुरतं उरेल. आणि आपल्या आईला कुठे प्रमाणपत्र होतं? कुणी रुसलं-रडलं की ती तुळशीला पाणी घालायला पाठवायची." बोलणं खरं आहे. मी बराच विचार केला त्यावर. तुळशीला पाणी घालायला, टेकडीवर फिरायला, बागेतल्या बाकावर बसायला कुणाच्या परवानगीची गरज नाही, आणि नसावी. ते फुकट आहे तोवर चांगलं आहे. पण सासूबाई 'उपचार' म्हणत नव्हत्या, पैसे घेत नव्हत्या. शिवाय कोण का रडतंय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि संध्याकाळी त्या घरातच असायच्या! माणूस अनोळखी असेल, त्याचं दुःख मुद्दाम ढवळायचं असेल आणि त्याला 'उपचार' म्हणायचं असेल, तर शिकणं आलंच. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. रानात नेऊन तशाच जखमेला हात घालणाऱ्याला निदान चार प्रश्न तरी आपण विचारायला हवेत.

सरकार नियम करील तेव्हा करील. तोवर घरातल्या कुणाला अशा ठिकाणी पाठवणार असाल, तर एवढं विचारा. तुम्ही कुठे शिकलात आणि किती तास कुणाच्या देखरेखीखाली काम केलंत? आमच्या माणसाबद्दल तुम्हाला आधी काय जाणून घ्यायचं आहे? मध्येच कुणी कोसळलं तर काय करता? आणि तुम्हाला अडलं तर तुम्ही कुणाला विचारता? शेवटच्या प्रश्नाला जो 'मला कधी अडत नाही' म्हणेल, त्याच्याकडे पाठवू नका.

बहीण आता एका समुपदेशक बाईंकडे जाते. त्यांनी महिनाभर झाडाचं नावही काढलं नाही, नुसतं ऐकलं. मग एकदा विचारलं, घरात काही लावलेलं आहे का? यजमानांनी लावलेला मोगरा गॅलरीत वाळत चालला होता. आता ती रोज त्याला पाणी घालते, वाळकं काढते. झाडाशी बोलते की नाही, ते मी विचारलं नाही. झोप बरी लागते म्हणते.

परवा फोनवर म्हणाली, "ताई, त्या जांभळाचा काही दोष नव्हता गं. जूनमध्ये जांभळं पिकतील, तेव्हा जाऊ या का परत? माझं बोलणं अर्धंच राहिलंय."

मी म्हटलं, जाऊ. पण घंटावाल्याबरोबर नाही. तुझ्या त्या बाईंना आधी विचारू, त्या हो म्हणाल्या तर आपण दोघीच जाऊ.